मांजर हललं तर हलू द्या
घरातलं मांजर-कुत्रं एका जागी बसत नाही, म्हणून त्याचं चित्र फोटोवरूनच काढावं, असं काही जण म्हणतात. अर्धंच पटतं. प्राणी हलतात, पण फिरून त्याच ४-५ बैठकींवर येतात. म्हणून एकाच पानावर ५-६ रेखाटनं अर्धवट ठेवायची. मांजराने कूस बदलली की शेजारी नवं सुरू करायचं, पुन्हा तसंच पसरलं की जुन्याकडे वळायचं. आधी मानेपासून शेपटीच्या बुडापर्यंत कण्याची एकच रेघ, मग खांदा नि कंबर यांच्या दोन खुणा, मग डोकं. डोळे सगळ्यात शेवटी. डोळ्यांपासून सुरुवात केली की डोकं हमखास मोठं होतं आणि धड कागदात मावत नाही. (मिशा नाही काढल्या तरी चालतं.)

फोटो घ्यायचाच तर मोबाइल तोंडाजवळ नेऊ नका. नाक फुगतं, कान मागे जातात, मागचे पाय खेळण्यातले वाटतात. दोनेक मीटर मागे सरून झूम करा, कॅमेरा प्राण्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा. काळा प्राणी असेल तर खिडकीचा उजेड बाजूने घ्या आणि एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) थोडं वाढवा, नाहीतर नुसता काळा डाग उरतो.