प्लेटलेट कमी म्हणजे गुठळी होणारच नाही?

निळी छत्री: काल इथे सडेतोडनी ठोकून दिलंय, 'ल्युकेमियात (रक्ताच्या कर्करोगात) प्लेटलेट वीस हजारावर येतात, रक्त पाण्यासारखं होतं, गुठळी होईलच कशी, हेपरिन (गुठळी रोखायचं इंजेक्शन) म्हणजे बिल फुगवणं'. झोपच उडाली माझी. भावाला एएलएलच्या (ल्युकेमियाचा एक प्रकार) इंडक्शनमध्ये, म्हणजे उपचाराच्या पहिल्या टप्प्यात, अ‍ॅस्परॅजिनेज हे केमोचं औषध दिलं आणि काही दिवसांनी डोकं ठणकायला लागलं, आम्हाला वाटलं कमरेत सुई टोचल्याचं असेल, आडवं झोपवून ठेवलं, तिसऱ्या दिवशी त्याला उजव्या हातात पेला धरता येईना. मेंदूच्या शिरेत गुठळी. प्लेटलेट 38 हजार! त्या औषधाने लिव्हर प्रोटीन बनवायचंच कमी करतं, त्यात अँटिथ्रॉम्बिन पडतं, म्हणजे गुठळीचा ब्रेकच गेला, वर स्टेरॉइड.

सडेतोड: आणि फायब्रिनोजेन, रक्त गोठवणारं प्रोटीन? तेही पडतं की, मग रक्त वाहायला नको? माझ्या मावशीच्या नाकातून दोन तास रक्त थांबत नव्हतं, टॉवेल बदलून बदलून थकलो. आणि म्हणे हेपरिन द्या.

निळी छत्री: दोन्ही होऊ शकतं, तेच तर सांगतेय! मावशीला कुठला ल्युकेमिया?

सडेतोड: एपीएल, ल्युकेमियाचा दुसरा प्रकार.

निळी छत्री: धन्य आहे. त्यात अ‍ॅस्परॅजिनेज देतच नाहीत, तिथे आजारच गोठण्याचं सगळं गणित उधळून टाकतो. आंबा आणि कांद्याची तुलना चाललीय.

मुक्काम_वॉर्ड: ते राहू द्या, पिक लाइनवर (दंडाच्या शिरेतून घालतात ती औषधाची नळी) बोला कुणीतरी. माझा दंड फुगून शर्टाची बाही चढेना, तर ऐकवलं काय, 'त्या कुशीवर झोपलात का?' दोन दिवस भांडून डॉप्लर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, करून घेतला, काखेपर्यंत गुठळी. त्याऐवजी पोर्ट, म्हणजे छातीत कातडीखाली बसवतात ती डबी, घातला असता तर?

सडेतोड: न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पेशी) शून्य आणि प्लेटलेट नाहीत, अशात चिरून पोर्ट? कमाल करता.

मुक्काम_वॉर्ड: मग लाइन कुणाच्या हातात घालायची ते तुम्ही ठरवणार का? सुजला माझा हात, तुमचा नाही!

निळी छत्री: अहो धागा कशाचा आहे?

चष्मेवाला: सरसकट हेपरिन कुणीच देत नाही हो. गुठळी झाली तरी साधारण 50 हजारांच्या वर पूर्ण डोस, 25 ते 50 मध्ये कमी, त्याखाली बहुतेक थांबवतात. शिवाय हेपरिन चालतं अँटिथ्रॉम्बिनच्या जोरावर, तेच संपलं असेल तर नुसतं टोचून काय होणार.

सडेतोड: म्हणजे हेपरिन फुकट जाऊ शकतं, हे मान्य ना? बरं, 'गुठळी होतच नाही' हे माझं वाक्य मागे. खूश? बिलाचं मागे घेत नाही.

मुक्काम_वॉर्ड: पोर्टचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.