रि: रि: गणेशोत्सव स्टॉल – सह्यांच्या पत्राचा मसुदा (आज रात्रीपर्यंत)

मेधा:
मंडळी, प्रिंटरवाला उद्या सकाळी दहाला फाइल मागतोय. मागचाच मसुदा घेतलाय, तारीख तेवढी बदलली. 300 प्रती. कुणाला काही सुचवायचं असेल तर आजच सांगा, स्टॉलच्या आदल्या रात्री नको. श्रीरंगकाका, लेटरहेडची फाइल तुमच्याकडेच आहे ना?

नचिकेत:
मेधाताई, एवढ्यात छापू नका. मसुद्यात "एचआर 1044 ला सिनेटने मंजुरी द्यावी" असं आहे. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांवरची देशनिहाय मर्यादा काढणारं हाउसचं (प्रतिनिधिगृहाचं) ते बिल अमेरिकी संसदेच्या 116व्या काँग्रेसचं, म्हणजे 2019-20 च्या दोन वर्षांच्या कार्यकाळाचं होतं. 3 जानेवारी 2021 ला ती काँग्रेस संपली आणि अर्धवट राहिलेली सगळी बिलं तिच्याबरोबर बाद झाली. दर दोन वर्षांनी नंबर 1 पासून सुरू होतात, त्यामुळे 1044 आता भलत्याच विषयाच्या बिलाला लागलेला असणार. सिनेटरच्या ऑफिसात पत्र उघडणारा मुलगा नंबर टाकून बघेल, काहीतरी तिसरंच निघेल, आणि आपली पत्रं त्या दुसऱ्या बिलाच्या पाठिंब्यात मोजली जातील.

श्रीरंग:
लेटरहेड पाठवतो. पण तो मसुदा 2019 मध्ये आमच्या कार्यकारिणीने वकिलाला दाखवून केला होता, तेव्हा त्यात काही चूक नव्हती एवढं नमूद करतो. 10 जुलै 2019 ला हाउसमध्ये 365 विरुद्ध 65 असं दणदणीत पास झालं. सिनेटनेही 2 डिसेंबर 2020 ला केलं. दोन्हीकडे पास झालेलं बिल बाद कसं होतं, हे नचिकेतने समजावून सांगावं.

नचिकेत:
काका, मसुद्याला तेव्हाचं म्हणून कुणीच नाव ठेवत नाही.

दोन्ही सभागृहांनी पास करून भागत नाही, अक्षरन् अक्षर एकच मजकूर पास व्हावा लागतो. सिनेटने स्वतःच्या दुरुस्त्या घालून पास केलं. मग हाउसपुढे तीन वाटा होत्या: सिनेटचा मजकूर जसाच्या तसा स्वीकारायचा, त्यात फेरबदल करून परत पाठवायचा, किंवा दोन्हीकडचे सदस्य बसवून कॉन्फरन्स कमिटी करायची. हातात उरला होता महिना, त्यात बजेट आणि कोविडचं पॅकेज. यातलं काहीच झालं नाही. राष्ट्राध्यक्षांपर्यंत कागद गेलाच नाही, म्हणून व्हेटोचाही प्रश्न आला नाही.

आणि 365 चा आकडा दिसतो तेवढा निर्णायक नसतो. ते 'सस्पेन्शन ऑफ द रूल्स'खाली घेतलं होतं. त्यात चर्चा 40 मिनिटं, दुरुस्ती मांडता येत नाही, आणि साधं बहुमत पुरत नाही, मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांश लागतात. त्या दिवशी 430 मतं पडली म्हणजे 287 हवी होती. 2011 मध्ये याच विषयाचं एचआर 3012 हाउसने 389 विरुद्ध 15 ने पास केलं होतं. तेही सिनेटमध्येच अडकलं.

अपर्णा:
सिनेटमध्ये 60 मतं लागतात ना? मग 2020 ला मतदान न होता कसं पास झालं? स्टॉलवर हे कुणीतरी विचारणारच.

नचिकेत:
युनॅनिमस कन्सेंट. एक सिनेटर उठून म्हणतो, हे बिल पास झाल्याचं समजावं. सभागृहात कुणीच हरकत घेतली नाही की झालं. पण एकाने "आय ऑब्जेक्ट" म्हटलं की तिथेच थांबतं. 2019 मध्ये सिनेटर माइक ली यांनी हाच मार्ग धरला होता. रँड पॉल, डेव्हिड पर्ड्यू आणि डिक डर्बिन यांनी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कारणांनी अडवलं. दोन रिपब्लिकन, एक डेमोक्रॅट. तेव्हा स्टॉलवर "अमुक पक्षाने अडवलं" असं कुणी बोलू नये.

हरकत आली की लांबचा रस्ता. बिल चर्चेला घेण्याच्या प्रस्तावावर क्लोचर (चर्चा थांबवून मतदानाला जायची प्रक्रिया): 16 सिनेटरांच्या सह्या, मध्ये एक दिवस, मग 60 मतं, मग 30 तासांपर्यंत वेळ. त्यानंतर खुद्द बिलावर पुन्हा तेच. बहुमताचा नेता आठवडा घालवायला तयार असेल तरच हे होतं, आणि न्यायाधीशांच्या नेमणुका साध्या बहुमतात उरकत असताना तो बहुधा नसतो.

म्हणून "मंजुरी द्यावी" ही मागणीच पोकळ आहे. मतदान लागलेलंच नसताना सिनेटर काय देणार? मागणी अशी हवी जी तो उद्या ऑफिसात बसून करू शकेल: कोस्पॉन्सर (बिलाचे सहप्रस्तावक) व्हा, किंवा होल्ड (आपण हरकत घेणार अशी नेत्याला आधीच दिलेली सूचना) ठेवला असेल तर काढा.

विनय:
होल्ड गुप्त असतो, कुणी ठेवला ते कळतच नाही.

नचिकेत:
आता तेवढा गुप्त नाही. सिनेटच्या 2011 च्या ठरावानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत नाव नोंदवावं लागतं. पाळतात किती, ते सोडा.

विनय:
बरं. कागदी पत्रांचं काय ते आधी ठरवा. टपालातून अँथ्रॅक्सचे जंतू पाठवल्याच्या 2001 च्या प्रकरणानंतर कॅपिटलला येणारी टपाल बाहेरच तपासली जाते, किरणांखालून काढली जाते, मग पोचते. आठवडे जातात, आणि कागद पिवळा, कडक होऊन हाती पडतो. पाकिटात तिळगूळ, कुंकू, अक्षता काही घालू नका, हे हसण्यावारी नेऊ नका. डिस्ट्रिक्ट ऑफिसला (सदस्याच्या आपल्या भागातल्या कार्यालयाला) मात्र साधं पोस्ट जातं. तिथेच गठ्ठा द्यावा.

दुसरं, मतदारसंघ. न्यू जर्सीतले एडिसनवाले आणि प्लेन्सबरोवाले हाउससाठी एकाच जिल्ह्यात येत नाहीत. पत्रावर पूर्ण पत्ता नसला तर ते पत्र बहुधा मोजत नाहीत; झिपचे (पिनकोडचे) नऊच्या नऊ आकडेही घाला. सिनेटर दोघेही सगळ्या राज्याचे, तिथे ही अडचण नाही. 100 सिनेटरांना पाठवायची कल्पना मागच्या मीटिंगमध्ये निघाली होती, ती कृपया परत काढू नका.

सुहास (खजिनदार):
मला कुणी विचारलं नाही, तरी लिहितो. मंडळ 501(सी)(3), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था आहे. विशिष्ट बिलाला पाठिंबा मागणं हे लॉबिंग. बंदी नाही, मर्यादा आहे. आपण आजवर फॉर्म 5768 (लॉबिंग खर्चावरून मोजा, असं कर खात्याला कळवणारा) भरलेला नाही, त्यामुळे आपल्याला "ठळक प्रमाणात नको" एवढा मोघम निकष लागतो. फॉर्म भरला तर निकष फक्त खर्चाचा: पहिल्या 5 लाख डॉलर खर्चाच्या 20 टक्के. समजा वर्षाचा खर्च 90,000, तर 18,000 पर्यंत चालतं. स्वयंसेवकांचा वेळ त्यात मोजत नाहीत, छपाई मोजतात.

यात एक पोटभेद आहे. सभासदांना "तुमच्या सिनेटरला लिहा" म्हटलं तर ते थेट लॉबिंग. देवदर्शनाला आलेल्या बाकीच्यांना म्हटलं तर ग्रासरूट्स, आणि त्याला वरच्या मर्यादेच्या चौथा हिस्साच, म्हणजे या उदाहरणात 4,500. स्टॉलवर दोन वेगळ्या याद्या ठेवा. आणि निवडणुकीतल्या उमेदवाराचा बिल्ला, फलक, भाषण काही म्हणजे काही नको. त्याला टक्केवारी नाही, पूर्ण मनाई आहे.

श्रीरंग:
सुहास, आमच्या वेळी दोन याद्या नव्हत्या आणि आभाळ कोसळलं नाही. असो. याच विषयावरचं 2022 चं बिल, ईगल ॲक्ट, कुणी काढलं नाही म्हणून सांगतो. तोही हाउसमध्ये डिसेंबरात मतदानाला येता येता मागे घेतला. तेव्हा नंबर शोधत बसण्यापेक्षा डिस्चार्ज पिटिशन (कमिटीत अडकलेलं बिल थेट सभागृहात आणायचा अर्ज) का मागू नये?

नचिकेत:
काका, ते फक्त हाउसमध्ये असतं. बिल कमिटीत 30 कामकाजाचे दिवस पडून राहिलेलं हवं, आणि 218 सदस्यांनी स्वतः टेबलाशी जाऊन सही करायची असते. सिनेटरच्या पत्रात ते घालून उपयोग नाही.

मसुदा असा करा. पहिल्या ओळीत विषय: इमिग्रेशन कायद्याच्या कलम 202 मधली प्रत्येक देशाला 7 टक्क्यांची मर्यादा, नोकरीवर आधारित वर्षाला साधारण 1,40,000 ग्रीन कार्डं. दुसऱ्या ओळीत चालू, म्हणजे 119व्या काँग्रेसमधला नंबर. तो छापण्याच्या दिवशी सकाळी काँग्रेस डॉट गव्हवर तपासून घाला. सिनेटचं आणि हाउसचं बिल वेगळं असतं, "एस" आणि "एचआर" एकाच पत्रात कोंबू नका. तिसरी ओळ, कोस्पॉन्सर व्हा. बस. कुणाची स्वतःची फाइल अडकली असेल तर ते डिस्ट्रिक्ट ऑफिसच्या केसवर्करचं काम, त्यासाठी प्रायव्हसी रिलीजवर (आपली माहिती बघायला परवानगी देणाऱ्या कागदावर) सही लागते. तो विषय या पत्रात नको.

अपर्णा:
ऑगस्टच्या सुट्टीत सदस्य जिल्ह्यात असतात, भेट मागू या का? सगळे लेबर डेनंतर परत जातात.

मेधा:
भेटीचं अपर्णाच बघेल. प्रिंटरला दोन फाइली जातील, सिनेट 150 आणि हाउस 150, पत्त्याची जागा मोठी. नंबर सकाळी नऊला नचिकेत फोनवर सांगेल. काका, तुमच्या लेटरहेडवर अजून तेव्हाच्या अध्यक्षांचं नाव आहे.

सुहास:
पावती वेगळी घ्या, गणपतीच्या सजावटीत मिसळू नका. 5768 वर पदाधिकाऱ्याची सही हवी. 31 डिसेंबरच्या आत गेला तर याच वर्षाला लागू होतो.

श्रीरंग:
नाव बदलून पाठवलं आहे. फॉन्ट तोच ठेवलाय.