मतमोजणीची ऑर्डर आली, पण टेबल नंबरच नाही

प्रश्न (जि. प. शिक्षिका): विधानसभेच्या मतमोजणीसाठी सहायक म्हणून ऑर्डर आली. प्रशिक्षण झालं, तरी टेबल कुठलं ते कुणीच सांगत नाही. असं का?

उत्तर (निवृत्त नायब तहसीलदार): ताई, मुद्दामच सांगत नाहीत. नावांची सरमिसळ तीनदा होते. मतदारसंघ आदल्या दिवशी ठरतो आणि टेबल मोजणीच्या दिवशी पहाटे पाचच्या सुमारास, निरीक्षकांसमोर. कुणाला आधी गाठताच येऊ नये, म्हणून हा सगळा खटाटोप. मी या कामात वर्षानुवर्षं होतो. ही पद्धत मला मनापासून पटते.

टेबलावर तिघं असतात: पर्यवेक्षक, तुम्ही आणि सूक्ष्म निरीक्षक. तो बहुधा बँकेतला किंवा केंद्र सरकारी कर्मचारी असतो. सहसा एका मतदारसंघाला चौदा टेबलं. आठला टपाली मतं, अर्ध्या तासानं यंत्रं. कंट्रोल युनिटचा (मतं साठवणारा यंत्राचा भाग) क्रमांक आणि सीलं १७-सी शी, म्हणजे मतदान केंद्रावर भरलेल्या मतांच्या हिशेबाच्या नमुन्याशी, जुळवल्याशिवाय निकालाचं बटण दाबू देऊ नका. जाळीपलीकडच्या उमेदवारांच्या प्रतिनिधींना डिस्प्ले नीट दिसू द्या, घाई करू नका. तिथे वेळ गेला तरी चालेल, शंका राहता कामा नये.

प्रश्नकर्ती: मोबाइल?

उत्तर (तेच): बाहेरच जमा होतो. घरी आधीच सांगून ठेवा.

दुसरी एक शिक्षिका: ओळखपत्र आणि ऑर्डर दोन्ही सोबत हवं. गेटवर पोलीस त्याशिवाय सोडत नाहीत. आणि पहाटे निघायचं तर गाडीचं आजच ठरवा, एसटीच्या भरवशावर राहू नका.