मदत हवी आहे : घरच्या थेरपीत ताईचा वाटा किती असावा?

आम्ही गुहागरजवळ राहतो. आमच्या 5 वर्षांच्या मुलाला स्वमग्नता (ऑटिझम) आहे; थेरपिस्टची भेट महिन्यातून एकदा रत्नागिरीत होते, एरवी हव्या वस्तूचे चित्रकार्ड हाती देऊन ती मागण्याचा त्याचा सराव आम्हीच घेतो. त्याच्या 9 वर्षांच्या ताईला रोज 10 मिनिटे सामील केल्यावर तो आमच्यापेक्षा तिलाच लवकर प्रतिसाद देऊ लागला. परंतु आता त्याने कार्ड उचलण्याआधीच ती खाऊ देते आणि तो किंचाळला की घाबरून खेळणे त्याच्या हाती देते, त्यामुळे नेमके नको ते वागणेच पक्के होत आहे. तिला मनात 5 आकडे मोजून थांबायला सांगितले, तिच्यासाठी ताऱ्यांचा तक्ताही (नीट थांबली की बक्षीस म्हणून एक तारा) केला, पण तिचे सारे लक्ष ताऱ्यांकडेच लागले (ही चूक आमचीच). तिच्यावर शिक्षिकेचे ओझे टाकायचे नाही. अशा वेळी थांबण्याचा सराव तिच्याकडून आधी आमच्यापैकी एकाबरोबर करून घ्यावा, की कार्डे आमच्याकडे ठेवून तिला फक्त आळीपाळीच्या खेळात घ्यावे?