सासऱ्यांच्या नावावरचे घर आणि सुनेचा हक्क

प्रश्न: माझी धाकटी बहीण ऐरोलीत सासरी राहत होती. नवरा मारहाण करतो आणि गेल्या आठवड्यात तिच्या कपड्यांची पिशवी भरून दाराबाहेर ठेवण्यात आली. फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर असल्याने तिचा काही हक्क नाही, असे तिला बजावले आहे. सध्या ती कळव्याला आमच्याकडे आहे. आम्ही काय करावे?

उत्तर १: हे बजावणे साफ चुकीचे आहे. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा, २००५ च्या कलम १७ नुसार, मालकी कोणाचीही असो, सामायिक घरात, म्हणजे नवऱ्यासोबत ती जिथे नांदली त्या घरात, राहण्याचा तिला हक्क आहे. सासऱ्यांचे घरही त्यात येऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. मालकी मात्र मिळत नाही, एवढे ध्यानात ठेवा.

उत्तर २: ताई सध्या जिथे राहतात, त्या हद्दीतील दंडाधिकाऱ्यांकडेही अर्ज करता येतो. ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडून घटनेचा अहवालही नोंदवून घ्या. तातडीची गरज दिसल्यास न्यायालय अंतरिम आदेश देऊ शकते आणि संरक्षण आदेश (हिंसा करण्यास मनाई करणारा आदेश) मोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

उत्तर ३: अंगावर वळ असतील तर आजच सरकारी रुग्णालयात दाखवून कागद घ्या, कारण वळ मावळतात. धमकी आल्यास ११२ वर, सल्ल्यासाठी १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा. आणि ‘जुळवून घे’ असे तिला कोणी सांगू नये.