सेंट लुशिया: मुक्काम रॉडनी बेला की सूफ्रिएरला?

दर्यावर्दी

कॅरिबियनमधल्या सेंट लुशिया बेटावर कुठे राहायचं, या प्रश्नाला हल्ली एकच उत्तर मिळतं: नैऋत्य किनाऱ्यावरचं सूफ्रिएर गाव. कारण 'पितों' नावाच्या जोडसुळक्यांचा तो फोटो तिथून निघतो. माझं मत बरोबर उलट आहे. आठवडाभर जायचं असेल तर मुक्काम उत्तरेला रॉडनी बेलाच ठोकावा आणि सूफ्रिएर एका दिवसात पाहून परत यावं.

रॉडनी बेला रेड्वीचा किनारा आहे. लांब, सपाट, सोनेरी वाळू, शांत पाणी. सुपरमार्केट, एटीएम, औषधांचं दुकान, खाण्याच्या भरपूर जागा, सगळं चालत. १ए क्रमांकाची मिनीबस राजधानी कॅस्ट्रीज ते रॉडनी बेशेजारचं ग्रॉस आयलेट दिवसभर असते (हिरव्या नंबरप्लेटवर 'एम' अक्षर पाहायचं). वेळापत्रक वगैरे नाही, भरली की सुटते. म्हणजे भाड्याची गाडी फार तर दोन दिवस लागते. सूफ्रिएरला टेकडीवर घर घेतलंत तर पाव आणायलाही गाडी काढावी लागते. पटत नसेल त्यांनी आकड्यांनिशी बोलावं, फोटो चिकटवू नयेत.

वळणवाट

आकडेच घ्या. बेट उत्तर-दक्षिण ४३ किमी, रुंदी २२ किमी. नकाशात सगळं हाकेच्या अंतरावर दिसतं आणि तिथेच माणूस फसतो. लांब पल्ल्याची विमानं उतरतात ह्युअनोराला, म्हणजे व्यू फोरला, बेटाच्या दक्षिण टोकाशी. तिथून रॉडनी बे म्हणजे मिकू, डेनरी करत पूर्व किनाऱ्याने वर, मग बार द लीलचा डोंगर ओलांडून कॅस्ट्रीजच्या ट्रॅफिकमध्ये. दीड तास धरा, ऑफिसं सुटायच्या वेळी जास्त. सूफ्रिएर मात्र लाबोरी, शुआझल करत पाऊण ते एक तास.

आता तुमची 'एका दिवसात' सहल. रॉडनी बेहून पश्चिम किनाऱ्याने सूफ्रिएर दीड तास. आन्स ला रे, मग कॅनरीज, प्रत्येक दरीत उतरायचं आणि पलीकडे पुन्हा चढायचं. मागच्या सीटवरच्याला गाडी लागणार हे गृहीत धरूनच निघा. हिशेब मांडू:

पूर्ण मुक्काम उत्तरेला: विमानतळ ते रॉडनी बे १.५, सहल ३, परतीचे १.५. एकूण ६ तास.
आधी ३ रात्री सूफ्रिएर, मग ४ रॉडनी बे: १ + १.५ + १.५. एकूण ४ तास.

दोन तास वाचले, आणि सूफ्रिएरला सहा तासांऐवजी तीन दिवस मिळाले.

शिवाय वेळ. उत्तरेहून निघालेला माणूस साडेदहाच्या सुमारास पोचतो, नेमक्या कॅस्ट्रीज बंदरातून निघालेल्या क्रूझवाल्यांच्या गाड्या पोचतात तेव्हाच. सल्फर स्प्रिंग्जच्या (गंधकाचे गरम झरे) चिखलाच्या कुंडांपाशी मग जत्रा. गावात राहणारा फाटक उघडताच जाऊन नाश्त्याला परत आलेला असतो. ग्रो पितों चढायचा असेल (जोडीतला उंच सुळका, ७९८ मीटर, सुरुवात फाँ जाँ लीब्र वस्तीतून, वाटाड्या सक्तीचा, चढ-उतार मिळून चार ते सहा तास) तर ऊन चढायच्या आत, सातपर्यंत पायथ्याशी हवं. रॉडनी बेहून पहाटे पाचला, अंधारात, त्या रस्त्याने निघणार का?

तिरपा_बाउन्सर

क्रिकेट पाहायला जाणाऱ्यांनी हा वाद वाचू नये. डॅरेन सॅमी मैदान ग्रॉस आयलेटला, रॉडनी बेपासून गाडीने पाच-दहा मिनिटं. २४ जून २०२४ला रोहितने ऑस्ट्रेलियाला ४१ चेंडूंत ९२ चोपल्या त्या इथेच. तो सामना सकाळी सुरू झाला होता, सीपीएलचे (कॅरिबियन प्रीमियर लीग) बरेचसे रात्री संपतात. त्यानंतर दीड तास घाटरस्ता कोण चालवणार? विषय संपला.

मीठभाकर

वळणवाट यांचा हिशेब तरुण गुडघ्यांचा आहे. सोबत आई-वडील असतील तर सूफ्रिएरच्या नावाने विकल्या जाणाऱ्या खोल्या नीट तपासा. बहुतेक उतारावर आहेत, कारण दृश्य तिथूनच दिसतं. 'पायऱ्या आहेत का?' असं विचारलंत तर 'थोड्या' असं उत्तर येतं. विचारायचं असं: खोलीपासून जेवणघरापर्यंत पायऱ्या किती, जेवणघरापासून समुद्रापर्यंत किती, आणि गाडी खोलीच्या दारापर्यंत येते का? आकडा लेखी मागा.

महागड्या जेड माउंटन रिसॉर्टमध्ये खोलीला चौथी भिंतच नाही. समोर थेट पितों. लाडेरा रिसॉर्टलाही तसंच. ऐकायला झकास, पण उघड्या खोलीत एसीला अर्थ नसतो, मच्छरदाणी आणि पंख्यावर भागवायचं. रात्री बेडकांची किर्र ऐकत झोप लागणारे वेगळे.

गंधकाचंही कुणी सांगत नाही. कुंडांच्या आसपास सडक्या अंड्यासारखा वास, तो हायड्रोजन सल्फाइडचा. जाण्याआधी पैंजण, चांदीची अंगठी, साखळी काढून खोलीवर ठेवा, तासाभरात काळी पडते. पोहण्याचे कपडे जुने न्या, चिखलाचा डाग जात नाही.

आणि किनारा? तिथली वाळू ज्वालामुखीची, काळसर. दोन पितोंमधल्या शुगर बीचवर पांढरी दिसते ती बाहेरून आणून टाकलेली. किनारे सगळ्यांना खुले आहेत, पण वाट रिसॉर्टच्या फाटकातून जाते आणि खुर्चीचं भाडं ऐकून उभं राहणंच परवडतं.

वळणवाट

पायऱ्यांचं मान्य. त्यावर उपाय म्हणजे टेकडी सोडून गावातलं सपाटीवरचं साधं गेस्टहाउस. धक्क्यावर 'बोट हवी का, गाइड हवा का' म्हणत मागे लागणारे भेटतील. एकदा हसून ठाम 'नको' म्हणा, सुटतं.

काळ्या वाळूला नाकं मुरडू नका. सूफ्रिएरजवळच्या आन्स शास्तनेला किनाऱ्यापासून काही हातांवर प्रवाळ सुरू होतं. मास्क लावा, कमरेएवढ्या पाण्यातून पुढे व्हा, मासे दिसायला लागतात. रेड्वीला पाण्याखाली पाहाल तर वाळू, आणि पुढे अजून वाळू.

दर्यावर्दी

तासांचा हिशेब चलाख आहे, पैशांचा नाही. मधल्या डिसेंबरपासून मधल्या एप्रिलपर्यंत गर्दीचा हंगाम. तेव्हा अनेक घरमालक किमान पाच किंवा सात रात्रींशिवाय देत नाहीत. दोन ठिकाणी दोनदा साफसफाईचा आकार, दोनदा अनामत, मधला एक दिवस सामान बांधण्यात.

रस्ता नको तर रॉडनी बे मरीनावरून कॅटमरानने (दोन सांगाड्यांची सहलीची बोट) जा. सकाळी निघून संध्याकाळी परत, सूफ्रिएरला उतरून कुंडं आणि धबधबा, येताना पोहायला थांबा. बोट लागणाऱ्यांनी गोळी निघण्याआधी घ्यावी, लागल्यावर नव्हे. वेळ तुमच्या हातात नसते, हे कबूल.

कढीपत्ता

शाकाहाऱ्यांसाठी मत उत्तरेला, तेही स्वयंपाकघर असलेल्या घराला. सूफ्रिएरला बाहेर खाण्याचे पर्याय मोजके आणि संध्याकाळी लवकर आवरतात. दोन सापळे: आक्रा हुबेहूब भज्यांसारखा दिसतो, आत खारवलेला मासा असतो. कॅलालू सूप अळूच्या पानांचं, म्हणून मोह होतो, पण त्यात खेकडा किंवा खारवलेलं डुकराचं मांस असू शकतं. छोल्यांची रोटी (आत रस्सा भरून गुंडाळलेली) सुरक्षित, तरी आतला रस्सा कशाचा ते विचारा.

शनिवारी सकाळी कॅस्ट्रीजच्या बाजारात नीरफणस, कच्ची केळी, अळकुड्या, चौचौ सगळं मिळतं. कच्च्या केळ्यांना तिथे 'ग्रीन फिग' म्हणतात, अंजीर शोधत बसू नका. हिंग आणि मोहरी घरून न्या. शेगडी किती बर्नरची ते बुक करताना विचारा. नुसत्या मायक्रोवेव्हलाही 'किचनेट' म्हणणारे आहेत.

गवंडी

उत्तर-दक्षिण चालू द्या, पाण्याचं कुणी बोललं नाही. कॅस्ट्रीजसह उत्तरेला पाणी येतं जॉन कॉम्प्टन धरणातून. २०१०च्या टोमस वादळात त्यात प्रचंड गाळ आला, साठवण घटली. जानेवारी ते मे कोरडा काळ, तेव्हा नळ बंद राहू शकतो. मालकाला तीन गोष्टी विचारा: टाकी आहे का, किती लिटरची, आणि पंप विजेवरच असेल तर वीज गेल्यावर काय? टाकी छतावर असेल तर पंपाविना निदान बारीक धार तरी येते. चार माणसांना एक हजार लिटर दोन-तीन दिवस पुरतं, जपून वापरलं तर.

त्याच वादळात दरडी कोसळून सूफ्रिएरकडचे रस्तेही तुटले आणि बार द लीलचाही. जून ते नोव्हेंबरमध्ये जाणाऱ्यांनी शेवटची रात्र विमानतळाच्या बाजूला काढावी, एवढंच माझं मत. म्हणजे वळणवाट यांचा क्रम उलटा: आधी उत्तर, मग सूफ्रिएर. त्यांचे चार तास चारच राहतात.

किमतीचंही पाहा. नोंदणीकृत हॉटेलात माणशी, दर रात्री पर्यटन लेव्ही (कर) असते: खोली १२० अमेरिकी डॉलरच्या आत असेल तर ३ डॉलर, वर असेल तर ६. साइटवरच्या दरात ती धरली आहे का ते तपासा. टॅक्सीला मीटर नाही, बसण्याआधी भाडं ठरवा आणि 'अमेरिकी की ईसी (तिथला पूर्व कॅरिबियन डॉलर)?' हे वेगळं विचारा. १ अमेरिकी डॉलर म्हणजे २.७० ईसी, गैरसमज पावणेतीनपट महाग पडतो.

मीठभाकर

उलटा क्रम चांगला, पण मग उतरल्या दिवशी थकलेल्या अवस्थेत दीड तास प्रवास आलाच. विमान दुपारी उशिरा उतरतं आणि वर्षभर सहा ते सातच्या दरम्यान अंधार पडतो. पहिल्या दिवशी गाडी स्वतः चालवू नका, टॅक्सीच घ्या. वाहतूक डावीकडून आहे म्हणून आपल्याला सोपं वाटतं, पण रस्त्याच्या कडेला खोल उघडी गटारं असतात आणि समोरच्या मिनीबसला जागा देताना चाक आत जातं.

तिरपा_बाउन्सर

मध्ये मॅरिगो बे आहे की, कॅस्ट्रीजच्या दक्षिणेला. दोन्हीकडे सोयीचं नाही का?

वळणवाट

दोन्हीकडे सारखंच गैरसोयीचं. खाडी देखणी, वादळात बोटी तिथेच आसरा घेतात. पण मुख्य रस्त्यापासून खाली उतरणारा रस्ता तीव्र उताराचा आहे, बस वरच सोडते, आणि वाळूच्या पट्टीवर जायला होडी लागते. गाडी असेल तर दोन रात्री ठीक. एक लिटर इंजिनाची छोटी गाडी घेऊ नका, चार माणसं आणि बॅगा घेऊन तो चढ पहिल्या गिअरमध्येही रडवतो.