प्रयोगशाळेतला शोध रोजच्या वापरात येणार की नाही, हे आधी कसे ओळखावे?

जिज्ञासू:
बॅटरी, सौरऊर्जा, जनुक संपादन आणि अणुसंलयन या विषयांवरच्या बातम्या मी बरीच वर्षे नेमाने वाचत आलो आहे. जवळजवळ प्रत्येक बातमीत ‘येत्या पाच-दहा वर्षांत’ हे शब्द असतात. पण काही तंत्रे बघता बघता सर्वांच्या हाती येतात, तर काही दशकानुदशके उंबरठ्यावरच अडकून पडतात. लिथियम-आयन बॅटरीच्या धन बाजूसाठी कोबाल्ट ऑक्साइड चालते, हे जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९८० मध्ये दाखवले, अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये वापरण्याजोगा नमुना बनवला आणि १९९१ मध्ये सोनीने ती बाजारात आणली. संलयनापासून, म्हणजे हलकी अणुकेंद्रके एकत्र जोडून, वीज मिळण्याची वाट मात्र १९५० च्या दशकापासून पाहिली जात आहे. आज शाळेत असलेली मुले मोठी होतील तेव्हा यांतले नेमके काय त्यांच्या रोजच्या वापरात असेल, याचा अंदाज बांधण्यासाठी काही भरवशाची कसोटी आहे का?

पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी:
माझ्या मते ‘शोध कधी लागला’ यापेक्षा ‘आता कोणता अडसर उरला आहे’ हे विचारणे अधिक उपयोगाचे आहे. याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण पेरोव्स्काइट (विशिष्ट स्फटिकरचना असलेल्या पदार्थांचा वर्ग) वापरून केलेल्या सौरघटांचे आहे. २००९ मध्ये जपानमध्ये त्सुतोमू मियासाका यांच्या गटाने असा पहिला घट दाखवला, तेव्हा त्याची कार्यक्षमता जेमतेम ३.८ टक्के होती. आज ती २५ टक्क्यांच्या पुढे गेली आहे, आणि सिलिकॉनवर पेरोव्स्काइटचा थर चढवलेल्या जोडघटांनी प्रयोगशाळेत ३३ टक्क्यांचा टप्पा ओलांडला आहे. एकट्या सिलिकॉनची सैद्धांतिक मर्यादा सुमारे २९ टक्के आहे, हे लक्षात घेतले की या प्रगतीचे मोल कळते. वरचा थर निळसर प्रकाश शोषतो, त्यातून पार होणारा तांबूस आणि अवरक्त प्रकाश खालचे सिलिकॉन वापरते, त्यामुळे एरवी उष्णता होऊन वाया जाणाऱ्या ऊर्जेचा काही भाग विजेच्या रूपाने हाती लागतो.

तरीही हे घट छपरोछपरी दिसत नाहीत, कारण अडसर कार्यक्षमतेचा नसून टिकाऊपणाचा आहे. या वर्गातला सर्वांत अभ्यासलेला पदार्थ काळपट असतो. त्यात ओलावा शिरला की तो विघटित होऊन मागे शिशाचे आयोडाइड उरते आणि काळा थर डोळ्यांदेखत पिवळा पडत जातो. सिलिकॉनच्या पॅनेलला २५ वर्षांची हमी मिळते, आणि नव्या पदार्थाला त्याच मापाने उतरावे लागते. म्हणून अशा बातमीत मी कार्यक्षमतेच्या आकड्याआधी ८५ अंश सेल्सियस तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत घट १,००० तास ठेवण्याच्या चाचणीचा उल्लेख शोधतो. तो नसेल तर बातमी अजून प्रयोगशाळेतलीच आहे, असे मी धरून चालतो.

सोडियम-आयन बॅटरीबद्दल मी अधिक निःशंक आहे. लिथियम बॅटरी बनवणारी यंत्रसामग्री तिच्यासाठी बऱ्याच अंशी तशीच वापरता येते, सोडियम मुबलक आहे आणि ऋण बाजूला तांब्याऐवजी स्वस्त ॲल्युमिनियमचा पत्रा चालतो. तेवढीच ऊर्जा साठवायला ती लिथियमपेक्षा जड होते, पण एका जागी ठेवायच्या साठ्याला वजनाची फारशी अडचण नसते.

वैद्यकक्षेत्रातील वाचक:
वरची कसोटी पदार्थांना लागू पडते. औषधांच्या बाबतीत मात्र ती अपुरी आहे, असे मला आग्रहाने मांडावेसे वाटते. जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंतिए यांचा क्रिस्पर या जनुक संपादनाच्या तंत्रावरचा शोधनिबंध २०१२ चा, आणि त्यावर आधारलेल्या कॅसजेव्ही या उपचाराला ब्रिटनमध्ये मान्यता मिळाली नोव्हेंबर २०२३ मध्ये. सिकल सेल आणि बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारांवरचा हा उपचार परिणामकारक ठरला आहे; तेव्हा ‘चालते का’ हा अडसर तिथे उरलेलाच नाही. अडसर आहे तो उपचाराच्या स्वरूपाचा. रुग्णाच्या रक्तातून मूळपेशी वेगळ्या काढून त्या संपादनासाठी पाठवायच्या, जन्मानंतर बंद होत जाणारी गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनची निर्मिती त्यांत पुन्हा सुरू होईल असा बदल करायचा, मग तीव्र केमोथेरपीने अस्थिमज्जेतल्या जुन्या पेशी नष्ट करून नव्या पेशी शरीरात सोडायच्या आणि त्या रुजेपर्यंत रुग्णाला कित्येक आठवडे संसर्गापासून जपायचे. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली. ज्यांना याची सर्वाधिक गरज आहे त्यांतल्या बहुतेकांच्या तो आवाक्याबाहेर आहे आणि हे मला मनापासून सलते.

म्हणून माझे लक्ष शरीराबाहेर पेशी न काढता थेट आत केल्या जाणाऱ्या संपादनाकडे लागले आहे. करोनाच्या एमआरएनए लशींमुळे ओळखीचे झालेले मेदाचे सूक्ष्म कण संपादनाची सामग्री यकृतापर्यंत नेऊ शकतात. २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात एका अर्भकासाठी, केवळ त्याच्याच जनुकदोषावर बेतलेले औषध काही महिन्यांत तयार करून याच मार्गाने देण्यात आले. यकृताखेरीज इतर अवयवांपर्यंत हे कण खात्रीने पोहोचवता आले, तर केमोथेरपी आणि दीर्घ रुग्णालयवास दोन्ही टळू शकतील.

जिज्ञासू:
दोघांचेही आभार. मग संलयनात उरलेला अडसर कोणत्या प्रकारचा मानावा? डिसेंबर २०२२ मधल्या अमेरिकेतील प्रयोगात घातलेल्या ऊर्जेपेक्षा जास्त ऊर्जा मिळाली, असे वाचले होते.

पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी:
तिथे एक नव्हे, अनेक अडसर उरले आहेत. त्या प्रयोगात लेसरने इंधनाची सूक्ष्म गोळी असलेल्या लक्ष्यावर २.०५ मेगाज्यूल ऊर्जा टाकली आणि ३.१५ मेगाज्यूल बाहेर आली, हे खरे. परंतु तो लेसर चालवायला सुमारे ३०० मेगाज्यूल वीज खर्च झाली होती. शिवाय वीजकेंद्रासाठी अशा गोळ्यांचे स्फोट सेकंदाला अनेकदा घडवावे लागतील आणि इंधन म्हणून लागणारे ट्रिशियमही (हायड्रोजनचा एक दुर्मिळ प्रकार) तिथेच निर्माण करावे लागेल. मुलांनी विचारले तर जोडघटांची सौर पॅनेल आणि सोडियमचे साठे त्यांच्या वापरात असण्याची शक्यता मी बरीच मोठी सांगेन. संलयनाची वीज मात्र त्या यादीत धरणार नाही.